गुण्याखालचा उजेड

पहिल्याच दिवशी माझ्या ठोकळ्याला पोट आलं.

हे मी घरी जेवताना सांगितलं आणि आईचा घास हातातच राहिला. "कुणाला काय आलं?"

बाबा मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबा फिटर आहेत, त्यामुळे त्यांना बरोबर कळलं. लोखंडाचा ठोकळा व्हाइसच्या जबड्यात आवळायचा आणि वरून कानस चालवायची. नवख्याच्या हातातली कानस झोपाळ्यासारखी डुलते. पुढे जाताना नाक खाली, मागे येताना शेपूट खाली. त्यामुळे ठोकळ्याच्या कडा जास्त झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. त्याला म्हणायचं पोट. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी बावीस ठोकळे होते आणि बावीसच्या बावीस गरोदर.

यंदा आमच्या शाळेने नववीसाठी हा पायाभूत अभ्यासक्रम सुरू केला. बुधवारी आणि शनिवारी दुपारी आम्ही शाळेमागच्या प्रशिक्षण केंद्रात जातो. पुढे ज्यांना मेकॅनिकल कामात जायचं असेल त्यांचा पाया आधीच पक्का व्हावा, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. पाया म्हणजे अगदीच पाया. कानस, करवत, छिद्रं पाडणं, मोजमाप. लेथला हात लावायला अजून चार महिने आहेत. तोवर नुसतं घासा.

आम्हाला शिकवतात ते मायक्रॉन सर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि सर त्याच्याशिवाय बोलतच नाहीत. त्यांचा भांगसुद्धा मोजून पाडल्यासारखा असतो. माझ्या शेजारच्या व्हाइसवर जी मुलगी असते ती दिवसभरात तीन वाक्यं बोलते, म्हणून तिचं नाव सायलेन्सर. आणि तिच्या शेजारी मी असते म्हणून माझं नाव हॉर्न.

खरं सांगायचं तर याआधी मी कशातच धड नव्हते. गणितात काठावर पास, चित्रकलेत बाईंच्या दयेवर पास. तोंडाचा पट्टा तेवढा चालायचा, पण वर्गात प्रश्न आला की तोही बंद. इथे मात्र काहीतरी वेगळं झालं. आठव्या आठवड्यात सरांनी माझा ठोकळा उचलला, त्यावर गुण्या ठेवला आणि खिडकीकडे धरला.

गुण्या म्हणजे पोलादी काटकोन. ठोकळ्यावर टेकवून उजेडाकडे धरला की खरंखोटं तिथेच होतं. ठोकळा सरळ असेल तर गुण्याखालून काही दिसत नाही. वाकडा असेल तर उजेडाची रेघ दिसते. "ठोकळ्याने आणि गुण्याने गुण्यागोविंदाने नांदलं पाहिजे," असं सर म्हणतात. "मधे तिसरा नको. उजेडसुद्धा नको."

त्या दिवशी त्यांनी ठोकळा सगळ्यांना दाखवला. "बघा. पोट नाही, पाठ नाही, काही नाही."

सायलेन्सर म्हणाली, "भारी." तिचं त्या दिवसाचं एक वाक्य तिने माझ्यावर खर्च केलं!

तेव्हापासून मी ताठ चालायला लागले. शाळेतही हात वर करायला लागले, उत्तर येत नसलं तरी. आई म्हणाली, "हिला कानस लागली की काय, एकदम धार आलीय."

आमच्या घरी मागच्या गॅलरीत बाबांचं छोटं बाक आहे. त्यावर एक व्हाइस, भिंतीवर ओळीने कानशी, आणि लाकडी डबीत त्यांचा स्वतःचा गुण्या. तो त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिला होता. बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं आहेत. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मशीनवरून आलेला भाग शेवटचा केसभर हाताने जुळवायचा असला की तो बाबांच्या बाकावर जातो.

त्या रविवारी सकाळी मला त्यांची गंमत करायची होती. पहिल्या दिवसाचा माझा पोटुशी ठोकळा मी आठवण म्हणून जपून ठेवला होता. मी तोच त्यांच्या हातात दिला आणि गंभीर चेहरा केला. "सरांनी वर्गात दाखवला तो हा. तपासा."

मला वाटलं, बघताक्षणी ते तो गॅलरीतून खाली फेकतील.

बाबांनी गुण्या काढला, ठोकळ्यावर टेकवला, खिडकीकडे धरला. मान थोडी तिरकी केली. मग म्हणाले, "झकास. रेघसुद्धा नाही."

मी खो खो हसले. मला वाटलं, तेच माझी फिरकी घेताहेत. "बाबा, पुरे! यातून हत्ती जाईल हत्ती."

ते हसले नाहीत. त्यांनी ठोकळा हळूच बाकावर ठेवला आणि अंगठा त्याच्यावरून फिरवला. आतल्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"सांगून टाका आता," आई आतूनच म्हणाली. "किती दिवस झाकणार?"

बाबा स्टुलावर बसले. "मधलं पुसलंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कडेचं सगळं दिसतं. तुझे कान दिसतात, केस पिंजारलेत ते दिसतं. मधे जिथे नीट बघायला जावं तिथे डाग. ओल्या बोटाने पुसावं तसा." मग माझ्याकडे बघून, म्हणजे माझ्या कानाकडे बघून, ते म्हणाले, "तुझं तोंड दिसत नाही. ऐकू येतं भरपूर, त्यामुळे अडत नाही."

ते मला हसवायला बघत होते. मी हसलेसुद्धा. मग मला आठवलं की आई गेले वर्षभर पेपर मोठ्याने वाचते. मला वाटायचं तिला हौस आहे. चहाचा कप ती टेबलावर ठेवत नाही, त्यांच्या हातात देते. मला वाटायचं, काय हे प्रेम.

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. आहे तेवढं सांभाळा, असं ते म्हणाले होते. टूलरूममध्ये कुणाला माहीत नव्हतं. वर्षभर बाबा बोटांवर काम करत होते.

"मग सांगा की तिथे," मी म्हणाले.

"सांगणार आहे. एक डाय राहिलीय." डाय म्हणजे पत्रा कापायचा साचा. त्याचा वरचा भाग खालच्या भागात चार ठोकळ्यांच्या आधाराने सरकतो. ते चार ठोकळे जुळवायचं काम बाबांकडे आलं होतं. "तेवढे चार जुळले, डाय लोण्यासारखी सरकली, की मी स्वतः फोरमनकडे जाणार. म्हणणार, बाबा रे, माझं संपलं, उद्यापासून येत नाही. बाकावरून उठायचं ते आपल्या पायांनी. दुसऱ्याने दंडाला धरून उठवलं, की सव्वीस वर्षांचं काही उरत नाही."

"आणि डाय चुकली तर?"

"चुकली तर प्रेसखाली जातच नाही. आधी हाताने खालीवर करून बघतात. कुणाला इजा व्हायची नाही. फक्त माझी अब्रू जाईल."

तीन बोटांनी सगळं कळतं, पण गुण्याखालचा उजेड कळत नाही, असं ते म्हणाले, आणि मी लगेच बोलून गेले, "मी बघते ना! ठोकळे घरी आणा. घासायचं तुम्ही, बघायचं मी."

आई म्हणाली, "झालं. आठ आठवडे झाले नाहीत तर निघाली."

बाबांनी मात्र गुण्या पुसून डबीत ठेवला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. तेही चोवीस तास बडबडणारे."

रोज साडेपाचला बाबा घरी यायचे. एका वेळी एक ठोकळा ते डब्यातून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून आणायचे; जुळलेले ठोकळे घरीच राहायचे. त्या वेळी गॅलरीत ऊन तिरकं येतं आणि बाक लख्ख दिसतं. ते कानस चालवायचे आणि मी बघत राहायचे. आमच्या केंद्रात बावीस कानशी चालल्या की कावळ्यांची शाळा भरल्यासारखं वाटतं. बाबांच्या कानशीचा एकच आवाज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीचा.

आमची भाषासुद्धा ठरली. मी गुण्या धरायचे आणि सांगायचे, "डावीकडे कागद." म्हणजे कागदाएवढी फट. "मागे केस." म्हणजे केसाएवढी. काहीच नसलं की म्हणायचं, "अंधार." हा शब्द बाबांचा. माझ्या तोंडून अंधार ऐकला की ते कानस खाली ठेवायचे आणि हात झटकून म्हणायचे, "चला, अंधार झाला, चहा करा."

"घरात दिवे लावून अंधार अंधार काय करता?" आई चिडायची. "तुम्ही दोघं आणि तुमचं लोखंड."

शेवटी बाबा स्वतःही एकदा तपासायचे. काचेच्या तुकड्यावर दोन ठोकळे अंगाला अंग लावून उभे करायचे आणि जोडावरून वरपासून खालपर्यंत अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडलं नाही की दोन्ही जुळे. पहिल्या तीन ठोकळ्यांना माझा डोळा आणि त्यांचं नख एकच सांगायचे. तिसऱ्याच्या वेळी ते म्हणाले, "तुझं बघणं पक्कं आहे गं. माझ्या उस्तादांना आवडली असतीस." मी तीन दिवस जमिनीवर नव्हते.

चौथा ठोकळा मंगळवारी आला. शुक्रवारी डाय बसवायची होती.

बुधवारी दुपारी केंद्रात सरांनी माझा ठोकळा काचेच्या कपाटात ठेवला होता. कपाटात! तिथे आजवर फक्त मोठ्या मुलांची कामं होती. मी घरी पळत आले. बाबा नुकतेच येऊन हात धूत होते. मी डबीतून गुण्या काढला आणि तो हातात नाचवत आईला कपाटाची गोष्ट सांगायला लागले. सर कसे चालत गेले, किल्ली कशी लावली, सायलेन्सरने डोळे कसे केले. किल्ली लावायची नक्कल करताना गुण्या हातातून सुटला.

फरशीवर पडला. टोकावर.

पहिल्या तासाला सरांनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. चालत्या मशीनजवळ मोकळे केस नकोत, आणि पडलेला गुण्या वापरायचा नाही. तो दिसायला तसाच दिसतो, पण काटकोन गेलेला असू शकतो. पडला की लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. वहीत मी ते लाल शाईने लिहून घेतलंय.

"काय पडलं गं?" बाथरूममधून बाबांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तिला वाटलं एक पट्टी पडली. मी गुण्या उचलला. कुठे पोचा नाही, ओरखडा नाही.

"चमचा," मी म्हणाले.

का म्हणाले? मी यावर खूप विचार केलाय. भीती नव्हती, बाबा मला कधी मारत नाहीत. पण पाच मिनिटांपूर्वी मी कपाटातली मुलगी होते. लगेच गुण्या पाडणारी मुलगी व्हायचं मला जमलं नाही. एवढंच.

बाबा आले. त्यांनी चौथा ठोकळा लावला, थोडा घासला, पुसला, काचेवर तिसऱ्याच्या शेजारी उभा केला आणि नख फिरवलं. "जुळला बहुतेक," ते खुशीत म्हणाले. "बघ जरा."

मी गुण्या धरला. खालच्या बाजूला उजेड होता.

"खाली कागद," मी म्हणाले.

"कागद? नख अडत नाहीये."

"दिसतोय ना मला. स्वच्छ दिसतोय."

त्यांनी परत नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग मान वर केली. "गुण्या ठीक आहे ना? आदळला वगैरे नाही ना कुठे?"

त्यांनी विचारलं होतं. याची मला नंतर कुणी आठवण करून द्यावी लागली नाही. त्यांनी सरळ, साध्या आवाजात विचारलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी कानस उचलली. वरची बाजू घासली, पुसली, मी बघितलं. "अजून केस." परत घासलं. ऊन जिन्याकडे सरकलं तेव्हा मी म्हणाले, "अंधार."

त्यांनी हात झटकले नाहीत. दोन्ही ठोकळे काचेवर ठेवून ते नख फिरवत बसले. "आता अडतंय," ते म्हणाले. "खाली ठीक आहे, वर आलं की अडतंय."

"पण उजेड नाहीये बाबा."

"तू नीट बघितलंस?"

"अगदी नीट."

ते अंगठा तर्जनीवर घासत राहिले, जणू त्यावर काही चिकटलंय. मग म्हणाले, "मग नखच गेलं असेल."

मला तेव्हाच सांगता आलं असतं असं नाही. तेव्हा मला स्वतःलाच खात्री होती की गुण्याला काही झालेलं नाही. फूटभर उंचीवरून तर पडला, असं मी मनात म्हणत होते. कमरेएवढ्या उंचीवरून पडला होता.

शुक्रवारी बाबा दुपारी दोनला घरी आले.

मी अर्ध्या दिवसाच्या शाळेतून आलेच होते. आईने दार उघडलं आणि तिने विचारलंच नाही. बाबांनी चपला काढल्या, नेहमीच्या जागी ठेवल्या आणि खुर्चीवर बसले. डाय अडकली होती. चौथ्या ठोकळ्यापाशी वरचा भाग तिरका होऊन रुतून बसला, हातोडीने ठोकून काढावा लागला. फोरमन स्वतः आला. त्याने ठोकळे मोजले. तीन बरोबर, चौथा वरच्या टोकाला कागदभर कमी. लोखंड काढता येतं, परत लावता येत नाही. ठोकळा फुकट, डाय दुसऱ्याकडे.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"काही नाही. गोड बोलला." बाबांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते, तळवे वर. "दंडाला धरून खुर्चीत बसवलं मला. पाणी दिलं. म्हणाला, मास्तर, आता आराम करा."

"त्याला डोळ्यांचं सांगायचं ना."

"डोळ्यांचं काय सांगू? डोळे तर हिचे होते. डोळ्यांनी बरोबर सांगितलं होतं." ते माझ्या दिशेने वळले. "तुझं काही चुकलं नाही गं. माझ्या बोटांचं चुकलं. डोळे गेले ते मला कळलं होतं, हळूहळू गेले. हात कधी गेले ते कळलंच नाही."

मी म्हणाले, "मला गृहपाठ आहे," आणि आत गेले. बहाद्दर मुलगी.

शनिवारी मी तो गुण्या दप्तरातून केंद्रात नेला. तपासायची रीत आम्हाला शिकवली होती. सपाट पत्र्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवायचा आणि एक रेघ ओढायची. मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची. गुण्या खरा असेल तर दोन रेघांची एकच होते.

माझ्या दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकल्या.

मी पत्रा पुसला आणि परत ओढल्या. परत फाकल्या. तिसऱ्यांदा ओढताना सर मागे येऊन उभे होते. "हा जुना गुण्या आहे. कुणाचा?"

"बाबांचा."

"पडला?"

मी मान डोलावली.

"त्यांना सांगितलंस?"

मग मला रडू आलं, आणि रडता रडता मी सगळं सांगून टाकलं. डोळे, डबा, चार ठोकळे, चमचा. बावीस कानशी चालू होत्या, त्यामुळे बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. सायलेन्सरला गेलं असावं, कारण तिने आपला स्वच्छ रुमाल माझ्या बाकावर ठेवला आणि परत कामाला लागली.

मला वाटलं सर ओरडतील. त्यांनी कपाटातला माझा ठोकळाही काढला नाही. मला तो काढलेला हवा होता. ते एवढंच म्हणाले, "गुण्या दुरुस्त होतो. मी करून देईन. तू आधी घरी जा."

घरी बाबा गॅलरीत होते. बाक आवरत होते. कानशी खाली काढून एकेक कागदात गुंडाळत होते.

मी गुण्या त्यांच्या हातात दिला. "हा वाकडा झालाय. बुधवारी माझ्या हातून पडला. चमचा पडला नव्हता."

त्यांनी तो धरला. पात्यावरून बोट वर नेलं, खाली आणलं.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"नाही म्हणालीस."

"हो."

आई दारात आली होती. तिला दोन वाक्यांत कळलं आणि ती माझ्यावर अशी तुटून पडली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "एवढी मोठी जीभ, सगळ्या जगाला पुरते, आणि चार शब्द बोलवले नाहीत? पडला म्हणायला काय लागतं? माणूस रात्रभर झोपला नाही माझा!" मी उभी होते. मला वाटत होतं, बोल, अजून बोल.

"पुरे," बाबा म्हणाले.

त्यांनी बाकाखालून काच काढली. त्यावर माझे सरावाचे दोन ठोकळे ठेवले, कारण खरे ठोकळे आता टूलरूममध्ये होते. नख फिरवलं. "वर जरा अडतंय. डावा ठोकळा कमी आहे. बघ."

मी दप्तरातून केंद्राचा गुण्या काढला आणि दोन्ही तपासले. डाव्याच्या वरच्या टोकाला केसाएवढा उजेड होता. तो मला केंद्रात कधीच दिसला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "केस."

त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की आता हसतील. मग तो नुसताच थकला. "म्हणजे बोट ठीक होतं," ते म्हणाले. "बोट बरोबर सांगत होतं आणि मी त्याचं ऐकलं नाही."

"मी सोमवारी फोरमनकाकांना सांगते. सगळं सांगते. ते डाय परत देतील तुम्हाला."

"काय सांगशील? मास्तरांना वर्षभर दिसत नाही, ते ठोकळे घरी नेत होते, आणि नववीतली मुलगी तपासत होती? मग मी बसवलेली वर्षभरातली एकूण एक डाय ते उघडतील. सगळ्या बरोबर निघतील. तरी उघडतील, आणि मी बाजूला उभा राहून बघायचं." त्यांनी काच फडक्याने पुसली. "नाही. हात गेले म्हणू देत. म्हाताऱ्याचे हात जातात, त्याची लाज नसते."

"पण ते खोटं आहे!"

"हो," बाबा म्हणाले. "आता तेच आहे."

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. बुधवारी मी केंद्र बुडवून त्यांच्याबरोबर टूलरूममध्ये गेले, त्यांची पेटी आणायला. मी तिथे पहिल्यांदाच गेले. लांब खोली, खिडक्यांखाली बाकं, फरशीवर लोखंडाचा बारीक चुरा. बाबांच्या बाकाची कड इतकी गुळगुळीत झाली होती की तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं पोट टेकवून उभं राहत होतं हे दिसत होतं.

सगळे जमले. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी चहा आणला. फोरमन पुढे आला. तो बाबांकडेच शिकलेला, बाबांहून वीसेक वर्षांनी लहान. खरंच गोड माणूस आहे, मला तो वाईट असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं कानस मारल्यावर हात जाणारच. माझेही जातील एक दिवस. हातांनी किती करायचं?"

माझ्या तोंडात सगळं आलं. हात गेलेले नाहीत. तुमच्या अख्ख्या टूलरूममध्ये असे हात नाहीत. चौथा ठोकळा बरोबर होता, मी तो बिघडवला. मी श्वास घेतलासुद्धा.

बाबांनी माझं मनगट धरलं. कुणाला दिसणार नाही असं, पेटीच्या मागे. जोरात नाही.

"खरंय," ते फोरमनला म्हणाले. "वेळ झाली की जातात."

"ही आपली मुलगी ना? हीसुद्धा शिकतेय म्हणे. चांगलं आहे. कसं चाललंय गं तुझं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "बरं चाललंय," मी म्हणाले.

पेटीला दोन कड्या होत्या. एक बाबांनी धरली, एक मी. जड होती, चालताना माझ्या गुडघ्याला लागत होती. दाराशी एक उंच पायरी होती. बाबांचं पाऊल त्याच वेगाने पुढे पडत होतं.

"बाबा, पायरी," मी हळूच म्हणाले.

"माहितीये," ते म्हणाले, आणि उतरले.